स्कॉट्समधले उद्धटपणाचे आणि शिवीगाळीचे शब्द: कोण कुणाला बोललं ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा होता की स्कॉटिश लघुकथा मराठीत आणताना स्नॅश, इम्पिडन्स, फ्लाइटिंग, मिसकॉ, गॅलस, निप्पी स्वीटी हे शब्द सारखे अडवतात, डिक्शनरीत बघावं तर निम्म्यांपुढे 'उद्धटपणा' आणि उरलेल्यांपुढे 'शिवीगाळ' एवढंच लिहिलेलं, मग यांच्यात फरक काय, मराठीत काय वापरायचं, आणि ज्या सरळसरळ शिव्या आहेत त्यांचं काय करायचं. मी ग्लासगोत राहते, दुभाषाचं आणि भाषांतराचं काम करते, हे शब्द रोज कानावर पडतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे. गेलिक ही डोंगराळ भागातली आणि बेटांवरची केल्टिक भाषा, आयरिशची बहीण. स्कॉट्स ही सपाटीवरची, इंग्रजीच्या जुन्या मुळातूनच निघालेली पण वेगळी वाढलेली भाषा. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारलं तेव्हा पंधरा लाखांवर लोकांनी आम्ही बोलतो असं सांगितलं आणि २०२५ मध्ये कायद्याने तिला गेलिकच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला. हे सांगायचं कारण असं की कित्येक भाषांतरांत स्कॉट्स म्हणजे 'बिघडलेली इंग्रजी' धरून तिच्यातलं सगळं बोलणं मराठीत गावंढळ करून टाकतात, आणि मग शिव्यांमधला बारकावा पहिल्याच पानावर मरतो.

आता मुद्द्यावर. माझं म्हणणं एवढंच आहे की या भाषेत उद्धटपणाचा शब्द वाचला की अर्थ शोधण्याआधी कोण कुणाला बोलतंय, वरचा खालच्याला की खालचा वरच्याला, ते बघा. ते कळल्याशिवाय मराठी शब्द सापडणार नाही, आणि सापडला तरी चुकीचा सापडेल.

स्नॅशच घ्या. अठराव्या शतकातला स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स, त्याची 'द ट्वा डॉग्ज' म्हणून कविता आहे, १७८६ च्या त्याच्या पहिल्या किल्मार्नक आवृत्तीतली. दोन कुत्रे गप्पा मारतायत, एक श्रीमंताघरचा सीझर आणि एक शेतकऱ्याचा लुआथ. सीझर सांगतो की आमच्या मालकाकडे खंडवसुलीचा दिवस असतो तेव्हा मी बघतो ना, पुअर टेनंट बॉडीज, स्कँट ओ कॅश, हाउ दे मॉन थोल अ फॅक्टर्स स्नॅश. फॅक्टर म्हणजे जमीनदाराचा कारभारी, थोल म्हणजे सोसणं. पुढच्या ओळींत तो कारभारी पाय आपटतो, धमक्या देतो, शिव्या घालतो, माणसांना पकडतो, सामान जप्त करतो, आणि कुळं बिचारी मान खाली घालून थरथरत सगळं ऐकून घेतात. म्हणजे इथे स्नॅश वरून खाली येतोय. इथे 'उद्धटपणा' लिहिलंत तर वाक्य पडेल, कारण मराठीत उद्धट बहुतेक वेळा लहान माणूस मोठ्याशी होतो, मालक गड्याशी बोलला तर आपण त्याला मुजोरी म्हणतो, अरेरावी म्हणतो, मग्रुरी म्हणतो. मी ही जोडी अशी केली होती: गरीब कुळं बिचारी, गाठीला नाही पैका, कारभाऱ्याची मुजोरी मान खाली घालून ऐका. 'थोल'मधलं सोसणं 'मान खाली घालून'मध्ये गेलं, थोडं सांडलं, पण मुजोरी मात्र जागेवर बसली.

आणि हे बर्न्सने हवेतून आणलेलं नाही. त्याचे वडील एअर गावाजवळ माउंट ऑलिफंट नावाची शेती खंडाने करत होते. १७८७ मध्ये डॉ. जॉन मूर यांना लिहिलेल्या लांबलचक पत्रात तो सांगतो की मालक वारल्यावर आम्ही एका कारभाऱ्याच्या तावडीत सापडलो, त्याची उर्मट धमकीची पत्रं यायची, ती वाचून घरातले सगळे रडायला लागायचे, आठवलं की अजून संताप होतो, आणि 'ट्वा डॉग्ज'मधला कारभारी मी त्याच्यावरूनच काढलाय. त्यामुळे त्या एका छोट्या शब्दामागे एका घराचं रडणं आहे, तो शब्द भाषांतरात गुळमुळीत झालेला मला सहन होत नाही.

आता हाच स्नॅश आजच्या घरात ऐका. आजी नातवाला म्हणते, डिन्ना गी मी ओनी ओ योर स्नॅश. इथे दिशा उलटी. पोरगं उलटून बोललंय आणि आजी त्याला गप्प करतेय. इथे मुजोरी चालणारच नाही, इथे 'जास्त तोंड चालवू नकोस' किंवा 'उलट उत्तरं देऊ नकोस मला'. शब्द एकच, मराठी दोन टोकांची. याचंच एक भावंड स्नॅश-गॅब, म्हणजे चुरूचुरू उलट बोलणं किंवा तसं बोलणारं तोंडाळ माणूस.

इम्पिडन्स आणि इम्पिडंट हे इंग्रजीतल्या इम्प्युडन्सचंच स्कॉट्स रूप, पण वापरात फरक आहे. हा शब्द जवळजवळ नेहमी खालून वर जाणाऱ्या बोलण्यासाठी, म्हणजे मुलं, नोकर, धाकटी माणसं. द इम्पिडन्स ओ ये! म्हणजे 'काय मेलीचा आगाऊपणा!' यात राग कमी आणि 'एवढीशी चिमुरडी आणि मला शिकवते' हा भाव जास्त. म्हणून याला उर्मट नको, आगाऊ, शेफारलेला, चोंबडा यातलं काहीतरी बघा, प्रसंगानुसार.

यानंतर शरीराच्या अवयवांचा अख्खा संसार आहे. गॅब म्हणजे तोंड, नेब म्हणजे चोच किंवा नाक, जॉ म्हणजे जबडा, त्यावरून बॅक-जॉ म्हणजे उलटून केलेली बडबड, फेसी म्हणजे बिनदिक्कत तोंड वर करून बोलणारा, ब्रास नेक म्हणजे निर्लज्जपणाची कमाल, पितळेची मान. यात भाषांतरकाराला फार अडचण नाही कारण आपल्याकडेही तोंड, जीभ, नाक, डोळे वर करणं हे सगळं आहेच. थोडं थांबावं असं एकच वाटतं ते 'इल' लागलेल्या शब्दांपाशी. इल म्हणजे वाईट. इल-गॅबिट, इल-टंग्ड म्हणजे शिवराळ, घाण तोंडाचा. आणि इल-स्क्रेपिट टंग, म्हणजे नीट न खरवडलेली जीभ! रोज सकाळी जीभ घासणाऱ्या मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग समजावून सांगावाच लागत नाही, तो जसाच्या तसा आणा, 'जीभ घासली नाही वाटतं आज' असं एखाद्या पात्राच्या तोंडी घातलं तर ते मराठीच वाटतं.

बार्डी हा शब्द तुमच्या यादीत नव्हता पण कथांत येईल, म्हणून सांगते. बार्डी म्हणजे धीट, फटकळ, तोंडाला लगाम नसलेला. हा आला बार्डवरून, म्हणजे भाट, कवी. आज बार्ड म्हटलं की बर्न्सचा पुतळा डोळ्यासमोर येतो पण जुन्या सपाटीवरच्या स्कॉटलंडमध्ये बार्ड म्हणजे गावोगाव फिरून स्तुती करणारा आणि पैसे नाही दिले तर निंदा करणारा भिकारी, असा समज होता. १४४९ च्या संसदेच्या कायद्यात जबरदस्तीने भीक मागणारे, खोटं वेड पांघरणारे आणि बार्ड यांना एकाच रांगेत बसवलंय, आणि शिक्षा काय तर कान खांबाला किंवा झाडाला खिळ्याने ठोकायचा, मग कापायचा आणि हद्दपार करायचं. म्हणजे तोंड चालवण्याची भीती राज्याला किती वाटत होती बघा.

आणि तरी त्याच देशात, जेमतेम पन्नास वर्षांनी, राजाच्या दरबारात दोन कवी एकमेकांना जाहीर शिव्या घालतायत आणि सगळे वाहवा करतायत. हे फ्लाइटिंग. क्रियापद फ्लाइट, विमानाशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीतल्या भांडणे, स्पर्धा करणे अशा अर्थाच्या धातूवरून आलेलं. चौथ्या जेम्सच्या दरबारात १५०० च्या आसपास विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी यांची फ्लाइटिंग झाली, ती १५०८ च्या सुमाराला चेपमन आणि मिलर या स्कॉटलंडच्या पहिल्यावहिल्या छापखान्याने छापली. म्हणजे देशात छपाई आली आणि पहिल्या काही पुस्तकांतच शिव्यांचा सामना छापून निघाला. साधारण साडेपाचशे ओळी आहेत. आपल्याकडचा कलगी-तुरा डोळ्यासमोर आणा, समोरच्याला कोड्यात पकडायचं, त्याची लाज काढायची, पण वृत्त सुटू द्यायचं नाही आणि यमक हुकू द्यायचं नाही, तो जिंकतो ज्याची रचना तगडी. डनबार लोथियनचा, इंग्रजीच्या वळणाचा, केनेडी एअरशरच्या कॅरिक भागातला, गेलिक बोलणाऱ्या मुलखातला. डनबार त्याला 'आयरिश भिकारडा बार्ड' म्हणतो, म्हणजे १४४९ च्या कायद्यातला तोच शब्द इथे शिवी म्हणून येतो.

यातला एक तुकडा मला फार आवडतो. डनबार वर्णन करतो की केनेडी एडिंबरात आला की काय होतं: पोरांचा गलका मागे लागतो, गावातली कुत्री टाचांना लोंबकळतात आणि मासे विकणाऱ्या बायका 'फाय!' म्हणजे 'छी!' म्हणून ओरडत हातातल्या टोपल्या आणि बादल्या खाली टाकून देतात. एकही घाण शब्द न वापरता माणसाची अख्ख्या बाजारासमोर धिंड काढलीये. केनेडीही कमी नाही, तो डनबारची जहाजावरची फजिती सांगतो, पोट असं बिघडलं की सुकाणू, होकायंत्र, वाळूचं घड्याळ काही म्हणून स्वच्छ राहिलं नाही. आणि हो, याच कवितेच्या १५६८ च्या बॅनटाइन हस्तलिखितातल्या (हा जुन्या स्कॉट्स कवितांचा संग्रह) पाठात इंग्रजीतल्या त्या जगप्रसिद्ध एफच्या शिवीची अगदी जुनी लेखी नोंद सापडते, लोक तेवढ्यासाठीच ही कविता ओळखतात हे वाईट आहे, कारण खरी ताकद त्या टोपल्या टाकणाऱ्या कोळणींत आहे.

यांच्यात वैर होतं का? डनबारच्याच दुसऱ्या कवितेत, गेलेल्या कवींच्या विलापात, शेवटी शेवटी केनेडीचं नाव येतं, की भला वॉल्टर केनेडी मृत्यूच्या दारात आहे, असं व्हावं ही केवढी दुःखाची गोष्ट. ज्याला भिकारडा म्हटलं त्याच्याबद्दल हे. म्हणून फ्लाइटिंगला 'भांडण' म्हणू नका आणि 'शिवीगाळ'ही म्हणू नका. दरबारी अर्थाने असेल तर मी 'शिव्यांचा सामना' किंवा 'शिव्यांचे सवाल-जवाब' करते.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, फ्लाइटिंग हा शब्द फक्त दरबाराचा नव्हता. बाजारात भांडणाऱ्या बाईसाठीही हाच शब्द होता आणि तिला बक्षीस मिळत नव्हतं. डनबारला राजाकडून आधी वर्षाला १० पौंड, मग २०, आणि १५१० पर्यंत ८० पौंड तनखा झाला होता (कारकुनी, दरबारी कामं, कविता, सगळं मिळून). त्याच एडिंबरात १५६७ मध्ये बेसी टेलीफीर नावाच्या बाईने थॉमस हंटर या नगर-अधिकाऱ्यावर आरोप केला की तो खोटी मापं वापरतो, तर बदनामी केली म्हणून तिला ब्रँक्स घालून बाजारातल्या क्रॉसपाशी तासभर उभं करायची शिक्षा झाली अशी नोंद आहे. ब्रँक्स म्हणजे डोक्याभोवती बसवायचा लोखंडी सांगाडा, त्याला आतून एक पट्टी असायची ती तोंडात जिभेवर दाबून बसायची, बोलायचं म्हटलं तर जीभ कापायची. मापं खरंच खोटी होती का, ते मला शोधूनही कुठे मिळालं नाही, नोंद आहे ती तिच्या जिभेची.

१५६० च्या धर्मसुधारणेनंतर चर्चच्या स्थानिक पंचायती, ज्यांना कर्क सेशन म्हणायचे, त्यांच्या वह्या या असल्या खटल्यांनी भरलेल्या आहेत. कुणी कुणाला चेटकीण म्हटलं, कुणी चोर म्हटलं, कुणी नवऱ्याची लाज काढली. शिक्षेचा एक ठरलेला प्रकार असा की सगळ्या गावासमोर उभं राहून स्वतःच्याच जिभेला म्हणायचं, फॉल्स टंग, ये लीड, खोटारड्या जिभे, तू खोटं बोललीस. काही ठिकाणी जीभ हाताने धरून म्हणायला लावायचे. जे ऐकत नव्हते त्यांच्यासाठी जॉग्ज, भिंतीला साखळीने बांधलेली लोखंडी गळपट्टी, ती एडिंबरात डडिंग्स्टन चर्चच्या फाटकापाशी आजही लटकतेय, जाऊन बघता येते. शिक्षा पुरुषांनाही व्हायच्या पण 'कॉमन फ्लाइटर', म्हणजे नेहमीची भांडखोर, हा शिक्का जास्त करून बायकांवरच बसायचा. म्हणून कथेत सतराव्या शतकातली एखादी बाई फ्लाइटर असेल तर तिला 'कजाग' किंवा 'भांडकुदळ' म्हणा, सवाल-जवाब तिथे आणू नका.

बायकांसाठीचे शब्द वेगळे आहेतच आणि ते आजही आहेत. रँडी, याचा आजचा इंग्रजी अर्थ डोक्यातून काढा, स्कॉट्समध्ये मुळात भटका उद्दाम भिकारी आणि मग घाणेरड्या तोंडाची आरडाओरडा करणारी बाई. टार्ज म्हणजे जमदग्नीचा अवतार असलेली बाई. बेसम म्हणजे खराटा, तेच बाईला किंवा मुलीला लावतात, उच्चार बिझम असा येतो, आणि 'चीकी वी बिझम' आजी नातीला म्हणते तेव्हा ते जवळजवळ लाडाचं असतं, 'कार्टी' आपण जसं म्हणतो तसं. पण हाच बिझम चाळीस वर्षांच्या शेजारणीला लावला की त्यात विष येतं, 'भवानी' म्हणा हवं तर. निप्पी स्वीटी म्हणजे खरं तर जिभेला झोंबणारी आंबटतिखट गोळी, आणि त्यावरून फटकळ, झोंबरं बोलणारी व्यक्ती, ती व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. स्कॉटलंडच्या माजी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन यांना वर्षानुवर्षं हे नाव चिकटलं होतं, तसंच तोडून बोलणाऱ्या पुरुष मंत्र्याला मात्र मी हे विशेषण लागलेलं क्वचितच ऐकलंय. मी याला 'लवंगी मिरची' करते, कारण त्यातही कौतुक आणि बोचरेपणा दोन्ही राहतं आणि तेही आपण बाईलाच म्हणतो.

बर्न्सच्या 'टॅम ओ शँटर'मधली बायको केट विसरू नका. नवरा बाजारच्या दिवशी पीत बसलाय आणि ही घरी आपला राग विझू नये म्हणून त्याला ऊब देत बसलीये. तिने नवऱ्याला दिलेल्या शिव्या कवितेत आहेत, स्केलम, आणि पुढे ब्लेदरिंग, ब्लस्टरिंग, ड्रंकन ब्लेलम. स्केलम हा डच शब्दाचा नातेवाईक, अर्थ हलकट, बदमाश. ब्लेलम म्हणजे निरर्थक बडबडणारा. या ओळीचा अर्थ आणण्यापेक्षा तो ब ब ब चा तडाखा आणा, 'बरळणारा, बडबड्या, बेवडा बाजिंदा' असं काहीतरी, मोठ्याने म्हणून बघा आणि मग ठरवा.

आता पाठीमागे आणि तोंडावर बोलण्यातला फरक. मिसकॉ म्हणजे कुणाला वाईट नावाने हाक मारणं, बदनाम करणं, आणि याला मराठीत रेडीमेड शब्द आहे, नावं ठेवणं. अपकास्ट किंवा कास्ट अप म्हणजे जुनं उकरून काढून तोंडावर फेकणं, शीज आय कास्टिन इट अप टे मी, म्हणजे 'ती ऊठसूट मला ते ऐकवत असते', इथे उणीदुणी काढणं बसतं. आणि खास ग्लासगोचा शब्द शिरिकिन, म्हणजे चारचौघांत, रस्त्यात, शेजारपाजार गोळा होईल अशा आवाजात केलेला पाणउतारा. घरात चार भिंतींत केली तर ती शिरिकिन नाही. 'चव्हाट्यावर काढणं' याच्या अगदी जवळ जातं.

शाळेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडच्या शाळांत टॉज नावाचा चामड्याचा पट्टा असायचा, फाइफमधल्या लॉखगेली गावात बनायचा, हातावर मारायचे, सरकारी शाळांत तो १९८७ मध्ये कायद्याने बंद झाला. इम्पिडन्सबद्दल पट्टा मिळालेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत आणि त्यातले कितीतरी सांगतात की आम्ही उद्धट वागलो नव्हतो, आम्ही फक्त घरच्या भाषेत उत्तर दिलं होतं. 'येस'ऐवजी 'आय' म्हटलं की मास्तरांना तो उर्मटपणा वाटायचा. १९९० च्या दशकात तर कोर्टात साधं 'आय' म्हटल्यावरून कोर्टाचा अवमान झाल्याचं प्रकरण गाजलं होतं. म्हणजे नुसती भाषा हीच उद्धटपणा ठरली. म्हणून कथेत मास्तर पोराला 'इम्पिडंट' म्हणतो तेव्हा पोर आधी नेमकं काय म्हणालंय ते मूळ संहितेत परत जाऊन वाचा. ते जर फक्त स्कॉट्समध्ये बोललं असेल, तर मराठीत त्याचं वाक्य बोलीत ठेवा आणि मास्तरांचं प्रमाण भाषेत, नाहीतर वाचकाला वाटेल पोरगं खरंच वाह्यात आहे आणि लेखकाचं सगळं म्हणणं उलटं होईल.

गॅलस. मूळ गॅलोज, म्हणजे फाशीचा खांब, फाशी जायच्या लायकीचा तो गॅलस. तिथून तो झाला उनाड, मग बेधडक, आणि ग्लासगोत आता हा बऱ्याचदा कौतुकाचा शब्द आहे. एका शाळेतल्या पालकभेटीला मी दुभाषी म्हणून बसले होते, शिक्षिका हसत म्हणाल्या की मुलगा थोडी चीक करतो, म्हणजे उलटून बोलतो, पण ही इज अ गॅलस वी सोल, आणि वडिलांनी, जे इंजिनियर आहेत आणि इंग्रजी उत्तम येतं, फोनवर शब्द शोधला तर त्यात गॅलोज दिसलं. त्यांचा चेहरा उतरला. मी सांगितलं, त्या म्हणतायत की पोरगं बिनधास्त आहे, वर्गात कुणाला दबत नाही, आणि त्यांना ते आवडतंय. ते म्हणाले मग तसं सरळ का नाही म्हणत. शिक्षिकेला विचारलं तर त्या म्हणाल्या सरळच म्हटलंय की! माझ्या मते 'बिनधास्त' हाच आजच्या गॅलसला सगळ्यात जवळचा, पण कथा १९५० च्या आधीची असेल तर 'टारगट' किंवा 'फुकट गेलेला' बघा, कारण तेव्हा कौतुकाची बाजू इतकी वर आलेली नव्हती.

यावरून प्रेमाच्या शिव्यांकडे येते. ग्लासगोत मित्राला नुसतं नावाने हाक मारली तर काहीतरी बिनसलंय असं वाटतं, या डाफ्ट ईजिट ये, या नम्प्टी, अवा अन बाइल यर हीड म्हणजे जा जाऊन डोकं उकडून घे. रचना नीट बघा, आधी 'या', मग शिवी, आणि शेवटी परत 'ये', म्हणजे 'तू मूर्ख तू'. मराठीत याला आपलं 'कुठला' आहे, 'मूर्ख कुठला!', 'वेडी कुठली!', तोच ठेका, तीच शेवटची थाप. मालवणी येत असेल तर तुमचं काम आणखी सोपं आहे, तिथे शिवीशिवाय माया पूर्णच होत नाही. यातला धोक्याचा शब्द न्याफ. वी न्याफ म्हणजे लहानखुरा, किरकोळ, डोक्यात जाणारा माणूस, यात माया कमी आणि तुच्छता जास्त, 'चिलट' म्हणा. आणि वी म्हणजे लहान हे विशेषण शिवीला लागलं की ती गोडही होऊ शकते आणि दुप्पट बोचूही शकते, ते पुन्हा कोण बोलतंय त्यावर.

शेवटचा भाग, खऱ्या शिव्या. बॉबॅग हा शब्द तुम्ही विचारला नाहीत पण भेटणारच. अर्थ वृषणाची पिशवी. ८ डिसेंबर २०११ ला स्कॉटलंडवर जबरदस्त वादळ आलं, केर्नगॉर्मच्या शिखरावर वाऱ्याचा झोत ताशी १६५ मैल मोजला, हवामानवाल्यांच्या यादीत त्याचं नाव होतं फ्रीडहेल्म, आणि लोकांनी ट्विटरवर त्याचं बारसं केलं हरिकेन बॉबॅग. शाळा बंद, पूल बंद, लाइट गेलेले, आणि अख्खा देश वादळाला शिवी घालतोय, पेपरांनीही ते नाव छापलं. म्हणजे शिवी खरी आहे, अश्लीलही आहे, पण तिची धार इतकी बोथट झालीये की ती सगळ्यांसमोर उच्चारता येते. याला मराठीत शब्दशः अवयव आणला तर वाचक दचकेल, मूळ वाचक दचकत नाही. माझा नियम असा की शिवीचा अवयव सोडा, शिवीची पातळी धरा. मूळ वाक्य बसमध्ये मोठ्याने बोलता येण्यासारखं असेल तर मराठीही बसमध्ये बोलता येण्यासारखं पाहिजे, 'भोसडीच्या' नको, 'हरामखोर', 'भिकारचोट' यांच्यामधलं, तुमच्या गावात काय चालतं ते तुम्हालाच ठाऊक. उलट जिथे मूळ पात्र खरोखर जिव्हारी लागेल असं बोलतंय तिथे फुल्या फुल्या देऊ नका आणि सौम्यही करू नका, विशेषतः वरचा माणूस खालच्याला बोलत असेल तेव्हा, कारण सौम्य केल्याने फायदा त्या कारभाऱ्याचाच होतो.

शब्द शोधायला डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज ऑनलाइन फुकट आहे, त्यात जुन्या भाषेचा बारा खंडांचा आणि १७०० नंतरच्या भाषेचा दहा खंडांचा असे दोन्ही मोठे कोश एकत्र केलेत. तिथे व्याख्या वाचून थांबू नका, खाली उदाहरणं असतात, त्यांच्याआधी भागाचं संक्षिप्त नाव असतं, एबीडी म्हणजे ॲबर्डीन, जीएसडब्ल्यू म्हणजे ग्लासगो, वगैरे. तुमच्या लेखकाच्या भागातली उदाहरणं आधी वाचा आणि प्रत्येकात बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण ते कागदावर लिहून काढा. स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून बघा, मिसकॉचं तर हमखास. आणि मराठी बोली एकच निवडा, जी तुमच्या घरात भांडताना वापरतात ती, एका पात्राला वऱ्हाडी आणि दुसऱ्याला कोल्हापुरी असं केलंत तर स्कॉटलंड नकाशावरून गायब होईल. तुमच्या कथांतलं एखादं वाक्य अडलं असेल तर आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यं जोडून पाठवा, नुसता शब्द पाठवला तर मला सांगता येणार नाही.